अपघातानंतरचा कागद



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने होतात. तिथे कामगार संघटनेच्या माणसाला उभे करून चालकांनी मोटार अपघातासारखा विषय दिला, याचे काही जणांना नवल वाटले असेल. आम्ही वकील नाही, डॉक्टर नाही. शाळा आम्ही लवकर सोडली. कायद्याची बाराखडी आम्ही मोंढ्यातल्या हमालांचे अर्ज लिहिता लिहिता आणि कोर्टाच्या ओसरीत बसून गिरवली. तेव्हा हे पंडिताचे भाषण समजू नका. अपघाताने मोडलेली घरे ज्याने जवळून पाहिली, त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलेल्या चार कामाच्या गोष्टी, एवढेच याचे स्वरूप आहे.

विषय नेमका असा आहे : आपण आपल्या बाजूने नीट चाललो आहोत, दुसऱ्या गाडीवाल्याने येऊन धडक दिली, तर पुढे काय करावे?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. पाथरी, मानवत, परभणी, वसमत असा राष्ट्रीय महामार्ग ६१ आपल्या अंगणातून जातो. गंगाखेडचा रस्ता, जिंतूरचा रस्ता, रात्रंदिवस वाहतात. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने शीग भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर निघतात. मागे दिवा नाही, तांबडी चकाकती पट्टी नाही. टायर फुटले तर तिथेच अंधारात उभे. दिवाळीच्या आगेमागे आपल्याच गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातले कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. भांडीकुंडी, लेकरे, शेळ्या सगळे ट्रॉलीत. अशा रस्त्यांवर अपघात झाला की पहिल्या तासात काय घडते, ते आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. गर्दी जमते. काही जण जखमीला उचलतात, काही जण ड्रायव्हरला झोडपतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक शहाणा मध्यस्थ घरी येतो. तो म्हणतो, "झाले ते झाले. दैवात होते. पोलीस-कोर्टाच्या नादी लागून काय मिळणार? मालक भला माणूस आहे, पंचवीस हजार देतो म्हणतो." मग एक कागद लिहिला जातो. त्यावर शेवटी एक वाक्य असते : "आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही." त्याखाली विधवेचा अंगठा.

हा कागद आम्ही पुष्कळ वेळा हातात धरला आहे. अंगठा देणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही, कोणालाच नाही. चूल आज पेटवायची असते. कोर्टाची तारीख सहा महिन्यांनी असते. पण त्या पंचवीस हजारांच्या बदल्यात त्या बाईने काय दिले, याचा हिशेब तिला कोणी सांगितलेला नसतो. तो आज मांडू.

समजा, बत्तीस वर्षांचा एक गवंडी आहे. महिन्याला पंधरा हजार मिळवतो. घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. ट्रकच्या चुकीने तो गेला. अशा वेळी भरपाई कशी मोजायची, हे सुप्रीम कोर्टाने २००९ साली सरला वर्मा यांच्या आणि २०१७ साली प्रणय सेठी यांच्या प्रकरणात ठरवून दिले आहे. वर्षाची कमाई एक लाख ऐंशी हजार. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या हिमतीवर कमावणारा माणूस, पुढे त्याची मजुरी वाढली असती म्हणून शेकडा चाळीस मिळवायचे : दोन लाख बावन्न हजार. त्याच्यावर चार माणसे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : राहिले एक लाख एकोणनव्वद हजार. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा. सोळाने गुणा. तीस लाख चोवीस हजार रुपये होतात. शिवाय अंत्यविधीचा खर्च, पत्नीचा आणि मुलांचा हरवलेला सहवास यांची रक्कम वेगळी. कमाईचा पुरावा कच्चा असेल तर आकडा खाली येईल, हे खरे. पण निम्म्यावर आला तरी तो पंचवीस हजारांच्या शेजारी ठेवून पाहा.

आणि बाई गेली तर? "ती तर घरीच होती," असे तिचेच घरवाले म्हणतात. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, चूल, लेकरे, जनावरे, निंदणी-खुरपणी सांभाळणारी बाई "घरीच" होती! २०२१ साली कीर्ती यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितले की घर चालवणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल धरूनच भरपाई मोजली पाहिजे. तेव्हा तिच्यासाठीही दावा करायचा असतो.

आता कोणी विचारील, हे पैसे येतात कोठून? गरीब ड्रायव्हरला लुटायचे काय? मुळीच नव्हे. १९३९ च्या मोटार कायद्यातली सक्तीच्या विम्याची कलमे १ जुलै १९४६ पासून लागू झाली. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, हा कायदा आपल्याकडे पुढे आला. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय झाली. आजचा कायदा १९८८ चा. २०१९ साली त्यात मोठे बदल झाले आणि भरपाईसंबंधीचे बदल १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. सक्तीच्या विम्याचे तत्त्व मात्र कायम आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटारीने तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा उतरवलाच पाहिजे. मालक दर वर्षी हप्ता भरतो तो याच दिवसासाठी. म्हणजे मध्यस्थाच्या हातून कागद करून घेतला जातो, तेव्हा विमा कंपनीने द्यावयाची रक्कम वाचते आणि विधवेची बुडते. मालकाने विमा उतरवलाच नसेल, तर मात्र देणे त्याच्या अंगावर येते. असा मालक तडजोडीची अधिकच घाई करतो, हे ध्यानात ठेवा.

तर मंडळी, हक्क आहे. परंतु हक्क कागदावर उभा राहतो, आणि कागद पहिल्या काही दिवसांतच तयार होतो. म्हणून आता क्रमाने पाहू.

पहिले काम जिवाचे. १०८ ला फोन करा म्हणजे रुग्णवाहिका येते. ११२ ला केला की पोलिसांना कळते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. मान किंवा पाठ दुखावलेल्या माणसाला पोत्यासारखे उचलू नका. गाडी पेट घेण्याचा धोका नसेल तर जाणता माणूस येईपर्यंत आहे तसा ठेवा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. मदत करणाऱ्याने भिऊ नये. कायद्याच्या १३४-अ या कलमाने त्याला संरक्षण दिले आहे. त्याने नाव सांगावे अशी सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. तातडीचा इलाज नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच परमानंद कटारा यांच्या प्रकरणात सांगितले आहे. आणि मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना अशी की मोटार अपघातातल्या जखमीवर नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न घेता उपचार व्हावेत. त्यासाठी अपघात पोलिसांना कळलेला असावा लागतो. तेव्हा तक्रार लपवण्यात इथेच पहिला तोटा आहे.

दुसरे काम, गाडीचा नंबर. गाडी कोठली, रंग कोणता, यापेक्षा नंबर महत्त्वाचा. प्रत्येकाच्या खिशात आज मोबाइल आहे. गाड्या हलवण्यापूर्वी दोन-चार फोटो काढा : नंबरपाटी, गाड्या उभ्या आहेत ती जागा, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, फुटलेल्या काचा. पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावे व फोन लिहून घ्या. चहाच्या टपरीवाल्याने, पेट्रोलपंपावरच्या माणसाने पाहिलेले असते. महिन्याने तो सापडत नाही. पंपावर, ढाब्यावर कॅमेरा असेल तर पोलिसांना त्याच दिवशी सांगा, कारण ती चित्रे काही दिवसांत पुसली जातात.

तिसरे, आणि हे आम्ही आवर्जून सांगतो : ड्रायव्हरला मारू नका. तो बहुधा कोणाचा तरी पगारी नोकर असतो. दोन रात्री झोपू न देता मालकाने त्याला गाडीवर बसवलेले असते. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे, हे १३४ व्या कलमाने त्याचे कर्तव्य आहे. पण जमाव जीव घेईल ही धास्ती असली की तो थांबत नाही, गाडीसकट पळतो. गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, तर काय होते? मग सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, एवढेच हाती येते. आपल्या गवंड्याचे तीस लाख कोठे आणि दोन लाख कोठे! मारहाण हा गुन्हा तर आहेच. पण तो जखमीच्याही मुळावर येतो. अर्थात दोन लाखांवरही पाणी सोडू नये. पळून गेलेल्या गाडीचा अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

चौथे, दवाखान्यातले बोलणे. डॉक्टर विचारतात, काय झाले? घाबरलेला माणूस म्हणतो, "पडलो." किंवा सोबतचा मध्यस्थ परस्पर सांगतो, "गाडीवरून घसरला." डॉक्टर तेच लिहून घेतात. आणि वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो : पाहा, हा तर स्वतःच घसरला! म्हणून पहिल्याच वेळी खरे ते आणि पुरते सांगा : अमुक ठिकाणी, अमुक वेळी, मागून किंवा समोरून ट्रकने धडक दिली. पोलीस प्रकरण म्हणून नोंद करायला सांगा. औषधाची चिठ्ठी, पावती, क्ष-किरणाचे चित्र, सुटीचे कार्ड यांतला चिटोराही टाकू नका; एका पिशवीत घालून ती भिंतीला टांगा. पाय गेला, हात निकामी झाला, तर सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला घ्या. आणि दुर्दैवाने माणूस दगावला, तर शवविच्छेदन टाळू नका. "देहाची विटंबना नको" ही भावना आम्ही समजतो. पण अपघातानेच मृत्यू झाला हे सांगणारा तो मुख्य कागद आहे. त्यावाचून मागे राहिलेल्या लेकरांचा दावा लंगडा पडतो.

पाचवे, पोलीस ठाणे. फिर्याद शक्य तो त्याच दिवशी द्यावी. जखमी बोलू शकत नसेल तर नातेवाइकाने किंवा पाहणाऱ्याने द्यावी. हद्दीचा वाद घालून कोणी परत पाठवू शकत नाही. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. नोंदवली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. प्रत हाती आल्यावर ती वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचवून घ्या. गाडीचा नंबर, दिशा, वेळ बरोबर आहे ना? जागेच्या पंचनाम्याला घरचे माणूस हजर ठेवा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायची आहे आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो गेला का, असे नम्रपणे पण पुनःपुन्हा विचारत राहा. तपास अधिकाऱ्याकडे बंदोबस्ताची, सभांची, चोरीमारीची दहा कामे असतात. विचारणाऱ्याचा कागद पुढे सरकतो.

सहावे, दावा. आपल्या जिल्ह्यात जिल्हा न्यायालयात मोटार अपघात न्यायाधिकरण बसते. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, असे १६६ वे कलम सांगते. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिले गेले आहे. पण दुसऱ्याच्या खटल्याच्या भरवशावर आपण बसून राहू नये. तेराव्यानंतर आठवडाभरात कामाला लागावे. आणि ऊसतोड्या बंधूंनी हे कान देऊन ऐकावे : अपघात सांगलीला होवो की बेळगावला, दावा आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. तारखेसाठी तिकडे खेटे घालण्याचे कारण नाही.

दाव्याच्या वाटा दोन आहेत. चूक कोणाची हे सिद्ध न करता, १६४ व्या कलमाखाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरीव रक्कम मिळते. समोरच्याची चूक दाखवता येत असेल तर १६६ व्या कलमाखाली पुरती भरपाई मागता येते. दोन्ही वाटांनी एकदम चालता येत नाही. ठरीव रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. म्हणून सही करण्यापूर्वी तो कागद कोणत्या कलमाचा आहे, हे विचारा. आणखी एक. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. तिकडे ड्रायव्हर निर्दोष सुटला म्हणून इकडचा दावा आपोआप बुडत नाही. इथे तराजूचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, एवढेच पाहिले जाते.

वकिलाचे काय? सर्वांत मोठी लूट इथे होते, म्हणून स्पष्ट बोलतो. दवाखान्याच्या दारातच काही दलाल उभे असतात : "एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातला शेकडा तीस आमचा." निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवणे वकिली व्यवसायाच्या नियमांनी मना आहे. चांगले वकील असे करीत नाहीत. आणि ज्यांच्याजवळ फी नाही त्यांच्यासाठी १९८७ चा विधी सेवा कायदा आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले सर्व, यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते. ते भीक घालीत नाहीत, कायद्याचे देणे देतात. ताठ मानेने जावे.

"मग तडजोड करूच नये काय?" असे कोणी विचारील. करावी की! पण ती लोकअदालतीत करावी. तिथे सगळे कागद पुढे असतात, हिशेब मांडलेला असतो, न्यायाधीश बसलेले असतात आणि ठरलेली रक्कम कोर्टाच्या हुकुमासारखी वसूल होते. तिच्यावर अपील नाही, म्हणून कंपनीला पुढे लांबवता येत नाही. आपल्यालाही येत नाही, म्हणून हिशेब पक्का करूनच मान हलवावी.

आता थोडे आपल्या बाजूचे. समोरच्याची चूक असली तरी आपली किती, हे न्यायाधिकरण पाहते आणि तेवढा हिस्सा कापते. एका गाडीवर तिघे बसणे, शिरस्त्राण न घालणे, परवान्यावाचून पोराच्या हाती गाडी देणे, हे सगळे तिथे आपल्याविरुद्ध बोलते. मजूर ट्रॉलीत किंवा मालाच्या टेम्पोत बसले, तर त्याच गाडीची विमा कंपनी "मालाच्या गाडीत माणसे कशाला?" म्हणून हात वर करते, आणि पुष्कळदा कोर्टात तिचे चालते. मागून दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर त्या वाहनाच्या विम्याकडे मागता येते. म्हणून नंबर दोन्ही गाड्यांचे घ्या. मुकादमांनी माणसांसाठी माणसांची गाडी करावी, हा आग्रह आम्ही संघटनेतून धरतो आणि इथूनही धरतो. कामावर असताना अपघात झाला तर मालकाकडूनही भरपाईचा हक्क आहे. १९२३ चा तो जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पण मोटारीचा दावा आणि हा दावा यांतला एकच निवडावा लागतो. शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्य सरकारची योजना आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तिची चौकशी लगेच करावी. बँकेत वर्षाला वीस रुपये कापून घेणारा सुरक्षा विमा असतो, त्याचे दोन लाख पुष्कळ घरांना ठाऊकच नसल्याने तसेच पडून राहतात. मृताचे पासबुक एकदा नीट पाहा.

बंधुभगिनींनो, दैव मानणाऱ्याशी आम्ही वाद घालीत नाही. माणूस गेला तो कोणत्याही रकमेने परत येत नाही, हेही खरे. परंतु झोपेत गाडी चालवायला लावणारा मालक, दिवा नसलेली ट्रॉली, विमा चुकवणारा धनी, हे काही दैव नव्हे. त्यांची चूक कागदावर आली नाही, तर उद्या त्याच रस्त्यावर तीच ट्रॉली तशीच उभी राहील. शिवाय मागे राहिलेल्या मुलीची शाळा सुटणे आणि मुलाच्या हातात कोयता येणे, हे त्या अंगठ्याच्या कागदातूनच घडते. आम्ही ते घडताना पाहिले आहे.

म्हणून एकच विनंती. अपघाताच्या घरी सुतक असते, घरचे माणूस भानावर नसते. त्याला "तुम्ही असे करा" म्हणून भागत नाही. आपल्यापैकी प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वाडीत दोघा-तिघांनी हे काम अंगावर घ्यावे. एकाने दवाखान्यात बसावे, एकाने ठाण्यात जावे, एकाने कागदांची पिशवी सांभाळावी. मध्यस्थ आला तर त्याला चहा द्यावा आणि सांगावे, "बाई आज कशावरही अंगठा देणार नाही, बोलणे असेल ते न्यायाधिकरणात." एवढे झाले तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.

व्याख्यानानंतर आम्ही इथेच बसणार आहोत. कोणाच्या घरी असा कागद पडून असेल तर तो घेऊन यावा, मिळून वाचू.